पाहुणीसाठी सतरा अंश

माझ्या आत्याला माणसं अंशांत मोजायची सवय आहे. शेजारच्या पतपेढीतला कारकून तिच्या हिशेबाने चार अंशांचा. त्याच्या टेबलावर दूध ठेवलं तर आठवडाभर नासणार नाही. माझी आई शंभर अंशांची, तिच्याशी बोलताना झाकण जरा तिरकं ठेवावं लागतं. आतोबा सदतीस, म्हणजे निरोगी माणसाच्या अंगाइतके, ना कमी ना जास्त, आणि म्हणूनच आपण त्यांच्याशी लग्न केलं असं ती सांगते. माझा आकडा तिने अजून जाहीर केलेला नाही. विचारलं की म्हणते, "काटा अजून हलतोय इंजिनियरबाई, थांबा जरा."

आत्या फ्रिज दुरुस्त करते. चाव्या बनवणाऱ्याच्या आणि झेरॉक्सवाल्याच्या मधे तिचं अरुंद दुकान आहे. तिथे फ्रिज दारं उघडून रांगेने उभे असतात, दातांच्या डॉक्टरकडे आ वासून बसलेल्या पेशंटांसारखे. सुरुवातीच्या दिवसांत लोक दुकानात डोकवायचे आणि तिला विचारायचे, मिस्त्री कुठे आहेत. ती म्हणायची, बोलावते. मग पडद्यामागे जायची, अंगावर निळा कोट चढवायची, हातात पाना घ्यायची आणि पुन्हा बाहेर येऊन विचारायची, बोला, काय बिघडलंय. हे ती इतक्या गंभीर चेहऱ्याने करायची की काही लोकांनी खरंच दोघी वेगळ्या धरल्या. एका गिऱ्हाइकाने तर मिस्त्रीबाईंकडे तक्रार केली होती, तुमची ती काउंटरवरची बाई फार आगाऊ आहे म्हणून.

तिला एकच खंत होती आणि ती आमच्या घरात सगळ्यांना पाठ होती. दुसऱ्यांनी बांधलेलं आणि दुसऱ्यांनी बिघडवलेलं दुरुस्त करण्यात जन्म चालला. एक तरी थंड खोली पहिल्या विटेपासून आपण बांधायची. फ्रिज नाही, खोली. जिच्यात आपण आत जाऊन उभं राहायचं आणि म्हणायचं, हा गारवा माझा.

या खंतीत पाहुणी कशी शिरली, ते सांगते.

एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात वाइन ठेवायची खोली होती. ऐन उन्हाळ्यात तिचं थंड होणं बंद पडलं. कंपनीची माणसं लवकर यायला तयार नव्हती, म्हणून कोणीतरी आत्याला बोलावून नेलं. ती यंत्राखाली पालथी पडली, टॉर्च मारला आणि तिथूनच हसायला लागली. पाणी वाहून जायच्या नळीत वाइनच्या बाटलीचं बूच अडकलं होतं. पाणी तुंबलं, त्याचा बर्फ झाला, बर्फाने गार हवेची वाट अडवली, एवढंच. फ्रिजच्या दाराचं रबर ओढायला तिच्याकडे एक लांब आकडा असतो. त्या आकड्याने तिने बूच उपसून काढलं आणि हॉटेलच्या मुख्य शेफच्या तळहातावर ठेवलं. म्हणाली, "तुमचा माल तुम्हाला परत."

हा शेफ म्हणजे गोल पोटाचा, गोल चष्म्याचा माणूस. आमच्या घरात त्याचं नाव पुढे बल्लवाचार्य पडलं. त्याला हे बूच-प्रकरण इतकं आवडलं की त्याने मांडणीवरून एक बाटली काढून तिला दिली. फ्रान्समधल्या बोर्दोकडची लाल वाइन. लेबलवर मनोरे असलेल्या एका मोठ्या घराचं चित्र आणि आमच्यापैकी कोणालाही नीट उच्चारता न येणारं नाव. देताना त्याने बजावलं, ही आत्ता प्यायची नाही. कोवळी आहे, आत्ता नुसती चावेल. दहाएक वर्षं आडवी ठेवायची, म्हणजे बूच ओलं राहील. अंधारात, तेरा अंशांवर, धक्का न लावता. "मला कधीतरी स्वतःचं हॉटेल काढायचंय," तो म्हणाला. "तेव्हा ही बाटली घेऊन बसू. ती तुमच्याकडे जिवंत राहिली, तर माझं तळघर तुम्ही बांधायचं."

दुसरा कोणी हे बोलणं गंमत म्हणून घेऊन घरी आला असता. आत्या घरी आली ती कामाची ऑर्डर घेऊन.

केकच्या दुकानाने टाकून दिलेलं एक काचेचं शोकेस तिने उचलून आणलं. काचा आतून काळ्या रंगवल्या. थंड करणारं यंत्र थरथरतं आणि थरथरीने वाइनचा गाळ ढवळतो, म्हणून यंत्र कपाटातून काढून भिंतीपलीकडे गॅलरीत नेलं, रबराच्या ठोकळ्यांवर बसवलं आणि भिंतीला भोक पाडून नळ्या आत घेतल्या. आत पाण्याची एक वाटी, हवा कोरडी पडू नये म्हणून. गॅलरीत आतोबांचं शिलाई मशीन असतं; ते शिंपी आहेत, कोट शिवतात. त्या यंत्राची घरघर त्यांच्या कानात अशी बसली की ती थांबली की त्यांची सुई थांबायची. आणि वीज गेली तर घरातले पंखे बंद, दिवे बंद, पण कपाट बॅटरीवर चालू. उन्हाळ्यात एकदा आम्ही सगळे तिथे पुठ्ठ्यांनी वारा घेत बसलो होतो आणि शेजारी ते यंत्र समाधानाने घुरघुरत होतं, तेव्हा आई म्हणाली, "वन्सं, पुढच्या जन्मी मला तुमची बाटली करा."

आत्या आईला म्हणाली, "वहिनी, तुम्हाला तेरा अंश सोसायचे नाहीत."

त्या एका बाटलीला आम्ही पाहुणी म्हणू लागलो. आईची कपाटावर कायम नजर. एवढं मोठं कपाट आणि आत एक बाटली. तिच्या कोथिंबिरीला एक कोपरा दिला तर काय बिघडतं. आत्याचं उत्तर ठरलेलं होतं: दार उघडलं की उजेड आत जातो, ऊब आत जाते, वास आत जातो. दहा वर्षं नणंद-भावजयीत कोथिंबिरीवरून वाटाघाटी चालल्या आणि कोथिंबीर एकदाही आत गेली नाही.

मग बल्लवाचार्यांचा फोन आला. त्यांनी हॉटेलची नोकरी सोडली होती, स्वतःची जागा घेतली होती आणि जागेखाली तळघर होतं, रिकामं. एक मोठी कंपनी गुळगुळीत रंगीत माहितीपत्रक ठेवून गेली होती आणि आठवडाभरात त्यांना होकार किंवा नकार द्यायचा होता. त्याआधी त्यांना एकच विचारायचं होतं. पाहुणी कशी आहे?

आत्याने सांगितलं, रविवारी जेवायला या, स्वतःच विचारा.

फोन ठेवल्यावर तिने कपाटाच्या काळ्या काचेवर तळहात टेकला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. तिने यंत्राची काळजी घेतली होती, हे खरं. पण बाटलीच्या आत दहा वर्षांत काय झालं होतं, हे उघडल्याशिवाय कळायला कुठलाच मीटर नव्हता. आत व्हिनेगर निघालं तर रंगीत माहितीपत्रक जिंकणार होतं.

तयारीला ऊत आला. आधी शिक्षण. आत्याने एक साधी, स्वस्त लाल वाइन आणली आणि आम्हाला चाखायला बसवलं. पेला बेताचा भरायचा, फिरवायचा, नाक घालायचं, मग घोट तोंडात घोळवायचा. तुरटपणा कुठे धरतो ते बघायचं. चहा फार उकळला की हिरड्यांना जसं आवळून धरतो, तोच प्रकार. आणि वास कशाचा येतो ते लाजेशिवाय सांगायचं. आतोबांना नव्या अस्तराचा वास आला. आईला शाळेतल्या दप्तराचा. आत्याने डोळे मिटून मोठा श्वास घेतला आणि म्हणाली, नवं रबर, दाराचं. आम्ही एवढे हसलो की दुसऱ्या फेरीला कोणालाच काही वास येईना.

मग स्वयंपाक. बल्लवाचार्यांनी फोनवर आईला सांगितलं होतं, मिरची नको. तिखटाने वाइनचा तुरटपणा जिभेवर पेटतो. आईने हा अपमान दोन दिवस अंगावर वागवला. तिच्या मते मिरची नको म्हणणं म्हणजे गवयाला बोलावून गप्प बसायला सांगणं. पण ऐकलं तिने. मटणाची अख्खी मांडी, लसूण आणि लोणी चोळून ओव्हनमध्ये सावकाश भाजायची. बरोबर बटाटे, परतलेली अळंबी, शेवटी जुनं कडक चीज आणि पाव. मटणाची चरबी आणि चीज तोंडात असलं की तो तुरटपणा तिला जाऊन चिकटतो आणि हिरड्यांना सोडतो, म्हणून हा बेत. हे कारण समजल्यावर आई जरा निवळली. निदान मटणाला काहीतरी काम होतं.

आणि मग वाढण्याचा प्रश्न. लाल वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी, असं बल्लवाचार्य बोलले होते. कुठल्या खोलीच्या, असं आत्याने लगेच विचारलं. ते म्हणाले, जुन्या काळच्या थंड देशांतल्या दगडी घरातल्या. सतरा अंश धरा.

आमच्या बैठकीच्या खोलीत त्या आठवड्यात तेहतीस होते.

कोणीही दुसरा असता तर त्याने बाटलीचा विचार केला असता. आत्याने खोलीचा केला. खोलीचं तापमान सतरा पाहिजे ना, मग खोली सतरा करू. ती तर त्यातली दर्दी. माझ्याकडून तिने आकडेमोड करून घेतली: पश्चिमेची खिडकी, पाच माणसांच्या अंगाची ऊब, गरम मटणाचं ताट, वरची तापलेली गच्ची. मी मोठ्या हौसेने हे सगळं काढून दिलं. त्यातून कळलं की घरातला एसी पुरणार नाही. तिने दुकानातून आणखी एक आणला. तो एका गिऱ्हाइकाचा होता, दुरुस्त झालेला, आणि त्याची चाचणी तशीही व्हायचीच होती. खिडकीवर रजया टांगल्या. शनिवारी संध्याकाळी काटा सतरावर आला आणि हलेना. आत्या खोलीच्या मधोमध उभी राहिली, हात पसरले आणि म्हणाली, "ये म्हणावं आता पाहुणीला."

पाहुणी तेव्हा कपाटातच उभी होती. गाळ तळाशी बसावा म्हणून आदल्या दिवशीच तिला आडवीची उभी केलेली होती.

रविवारी दुपारी बल्लवाचार्य आले, घामाने चिंब, पातळ सुती सदऱ्यात. खोलीत पाऊल टाकलं आणि जागच्या जागी थांबले. समोर आम्ही चौघं स्वेटर, शाल, मफलर घालून बसलेलो. त्यांनी आधी आमच्याकडे पाहिलं, मग रजयांकडे, मग दोन एसींकडे, आणि अत्यंत सभ्यपणे विचारलं की घरात कोणी आजारी आहे का.

आत्या अभिमानाने म्हणाली, सतरा अंश.

ते बसले. थोड्या वेळाने त्यांचे ओठ थरथरायला लागले. आतोबांना पाहवेना. ते गॅलरीत गेले आणि एका गिऱ्हाइकाचा अर्धवट शिवलेला कोट घेऊन आले. लोकरीचा, जाड, सगळीकडे खडूच्या रेघा, आणि एकच बाही. दुसरी अजून बेतायची होती. बल्लवाचार्यांनी तो आनंदाने चढवला. एक हात लोकरीत आणि एक हात उघडा, अशा थाटात आमच्या घरची वाइन-परीक्षा सुरू झाली.

तासभर आधीच बाटली टेबलावर आणून ठेवली होती. आत्याने बुचात स्क्रू फिरवला, ओढलं, आणि बूच मधेच तुटलं. अर्धं हातात, अर्धं बाटलीच्या गळ्यात. आई "अगं बाई" म्हणाली. आत्याने खिशातून तो आकडा काढला, तोच, नळीतलं बूच काढणारा. हळूच कडेने आत सरकवला, मनगट वळवलं आणि उरलेलं बूच अलगद वर आलं. बल्लवाचार्यांनी उघड्या हाताने टेबलावर थाप मारली.

ओतणं तर बघण्यासारखं होतं. बाटलीच्या मानेमागे आतोबांनी टॉर्च धरला. आत्या एका धारेत काचेच्या चंबूत ओतत गेली, मधे न थांबता, म्हणजे गाळ उसळायला नको. टॉर्चच्या उजेडात वाइन विटेच्या रंगाची दिसत होती. मग मानेपाशी काळसर धुरासारखी एक रेघ सरकत आली आणि तिने त्याच क्षणी हात वर घेतला. गाळ बाटलीत, वाइन चंबूत. मला ओरडावंसं वाटलं, पण दात एकमेकांवर आपटत होते.

पेले भरले. आम्ही फिरवले, नाकं घातली. कशाचाच वास येईना. मी आतोबांकडे पाहिलं, त्यांनी आईकडे. घोट घेतला. आंबट, कडक, गंजक्या खिळ्यावर जीभ टेकवावी तसा. तुरटपणाने हिरड्या आवळल्या त्या सोडायला तयार होईनात. मटणाचा तुकडा तोंडात टाकावा म्हणून ताटाकडे पाहिलं तर चरबी गोठून पांढरी झाली होती. सतरा अंशांच्या खोलीत, थंड ताटात, दुसरं काय होणार. ती मेणासारखी टाळ्याला चिकटली.

आईला कधी गप्प बसायचं ते कळतं असं नाही. ती म्हणाली, "वन्सं, हे पिण्यापेक्षा चहाचं फडकं चावलं असतं."

बल्लवाचार्यांनी पेला उजेडात धरून रंग पाहिला, पुन्हा एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि एका बाहीच्या कोटात अंग चोरून बसले. त्यांच्या चेहऱ्यावर काही वाचता येत नव्हतं, आणि तेच वाईट होतं. आत्या त्यांच्याकडे बघत होती. एरवी दर पाच मिनिटांनी काट्याकडे जाणारी तिची नजर एकदाही तिकडे गेली नाही.

"तुमचं मटण थंड करून माझी अब्रू घालवलीत," आई म्हणाली. तिने मांडीचं भलंमोठं ताट उचललं आणि स्वयंपाकघराकडे निघाली. ओव्हन अजून गरम होता. तिच्यामागे आतोबा, पेल्यासकट, ताट धरायच्या निमित्ताने. खरं तर त्यांचे पाय गारठले होते. त्यांच्यामागे बल्लवाचार्य, कारण ओव्हन हा शब्द त्यांनी ऐकला होता. मग मी, आईचाही पेला घेऊन. बैठकीत आत्या एकटी उरली, तिचे सतरा अंश, दोन एसी आणि तो चंबू घेऊन.

स्वयंपाकघराच्या दारात बल्लवाचार्यांचा चष्मा धुक्याने भरला आणि ते आंधळ्यासारखे ओट्याला धडकले. पेल्यांच्या बाहेरूनही दव धरलं. आत अशी ऊब होती की खांदे आपोआप खाली आले. बसायला जागा नव्हती. आम्ही ओव्हनभोवती दाटीने उभे राहिलो. हात गरम करायला दुसरं काही नव्हतं म्हणून सगळ्यांनी पेले दोन्ही तळव्यांत धरले. आईने ट्रेमध्ये सुटलेला रस पातेल्यात उकळला, अळंबी पुन्हा परतली, मटणाचे काप त्या रसात गरम केले आणि ताटं न शोधता थेट पातेल्यातून काट्याने प्रत्येकाच्या तोंडात घालत सुटली. बल्लवाचार्य आतोबांना विचारत होते की बाही काखेत इतकी नीट कशी बसते. आतोबा सांगत होते, आणि सांगता सांगता त्यांनी सवयीने एक घोट घेतला.

आणि थांबले.

पुन्हा नाक घातलं. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, ही वेगळीच आहे."

मी घोट घेतला. पेला तोच होता, वाइन तीच होती. पण आतून काहीतरी उलगडलं होतं. काळ्या मनुकांचा वास, शिसपेन्सिल सोलल्याचा वास, जुन्या लाकडी कपाटाचा. तुरटपणा होता, पण आता तो मखमलीच्या उलट्या बाजूसारखा होता, आणि त्या गरम चरबीच्या घासावरून गेल्यावर तोही विरघळला. शेवटी जिभेवर काहीतरी गोडसर राहिलं आणि ते जाईचना. मला हसू फुटलं. कशाचं ते सांगता येणार नाही. आईकडे पाहिलं तर ती पेल्यात डोकं घालून हसत होती. बल्लवाचार्यांनी घोट घेतला, डोळे मिटले, आणि चष्म्यावरचं धुकं न पुसता तसेच उभे राहिले.

आईच मोठ्याने ओरडली, "वन्सं, इकडे या आधी. पाहुणी इकडे आलीय."

आत्या आली, छातीशी चंबू धरून. कोणाचंही न ऐकता तिने आतोबांच्या पेल्याला हात लावला. मग खिशातला तापमापक काढला, लांब टोकाचा, फ्रिजच्या कप्प्यात खुपसायचा, आणि चहाच्या फडक्याने पुसून त्यांच्या वाइनमध्ये बुडवला. अठरा. मग चंबूत बुडवला. चौदा.

तिने काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बाटली तेराची, खोली सतराची. फरक एवढासा, म्हणून ऊब आत सरकायला तास काय, अर्धा दिवस लागला असता. खोलीचा सगळा हिशेब आम्ही केला होता, खिडकीचा, गच्चीचा, माणसांचा. बाटली गरम कशी होणार हे कोणी विचारलंच नव्हतं.

"तीस वर्षं मी ऊब बाहेर काढतेय," आत्या हळूच म्हणाली. "ती आत कशी सोडायची, ते शिकलेच नाही."

आतोबांनी त्यांचा पेला तिच्या हातात दिला. म्हणाले, "घे, सदतीसवर ठेवला होता."

तिने घोट घेतला. तिचा चेहरा आधी घट्ट होता, मग कपाळ सुटलं, मग गाल, आणि मग ती अशी हसायला लागली की पेला सांडेल म्हणून बल्लवाचार्यांना तो धरावा लागला. त्यानंतर त्या स्वयंपाकघरात काय झालं ते नीट क्रमाने सांगता येणार नाही. पाच माणसांत एक बाटली म्हणजे फार नव्हे, पण आम्ही गारठ्यातून सुटलेली माणसं होतो. आईने चीजचा तुकडा तोंडात टाकला, वर घोट घेतला आणि जाहीर केलं की मिरचीशिवायही माणूस जगू शकतो. मग हे शब्द कोणी लक्षात ठेवू नयेत अशी शपथ सगळ्यांना घ्यायला लावली. आतोबा कोटावर खडूने वाइनचा रंग कसा आहे ते लिहायला लागले. बल्लवाचार्य आम्हाला पेला तिरका करून दाखवत होते, कडेचा रंग कसा विटकरी झालाय, हे वय. मधे अजून लाल आहे, हे आयुष्य. आणि मग ते स्वतःच्या एका बाहीकडे बघून हसायला लागले आणि त्यांना पुढचं वाक्य आठवेना.

आत्या मात्र हसता हसता थांबली. तिला विचारायचं होतं, आणि ती विचारायला घाबरत होती, हे मला दिसलं. शेवटी तिने ओट्याच्या कडेला बोट फिरवत विचारलं, "मग? जिवंत आहे?"

बल्लवाचार्यांनी चष्मा काढला, कोटाला पुसला. "बाई, ही नुसती जिवंत नाही, ठणठणीत आहे. धक्का नाही, ऊन नाही, बूच ओलं. तुमचं कपाट पास." मग चष्मा लावून ते म्हणाले, "तुमची बैठकीची खोली साफ नापास. तळघर तुम्ही बांधायचं. जेवणाच्या दालनाला हात लावायचा नाही."

मला वाटलं ती उडी मारेल. तिने तसं काही केलं नाही. रिकामा झालेला पेला ओट्यावर टेकवून ती लगेच बोटाने नकाशा काढायला लागली. इथे दार, इथे मांडण्या, यंत्र भिंतीपलीकडे, पाणी जाणाऱ्या नळीवर जाळी, म्हणजे कोणाचं बूच अडकायला नको. आणि इथे, जिन्याशी, एक ऊबेचा कप्पा. वर न्यायची बाटली आधी त्यात जाऊन बसेल, अठरा झाली की तिने सांगावं, मी तयार आहे. बल्लवाचार्य वाकून बघत होते आणि मान हलवत होते. आतोबांनी खडू पुढे केला. नकाशा ओट्यावर काढला गेला आणि आईने तो तीन दिवस पुसू दिला नाही.

संध्याकाळी बल्लवाचार्य निघाले तेव्हा आतोबा त्यांच्यामागे जिन्यापर्यंत धावले, कारण ते कोट घालूनच चालले होते आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी मापाला येणार होतं. त्यांनी कोट काढून दिला, आणि मग असाच एक स्वतःसाठी शिवायला सांगितला. तळघरात बसायला लागेल म्हणाले. दोन बाह्यांचा.

आत आलो तर बैठकीची खोली अजून सतरावर होती. सगळेच विसरले होते. आईने दारात उभं राहून त्या गारव्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघरात गेली आणि उरलेली मांडी, अळंबी, लोणी आणि कोथिंबिरीची एक मोठी जुडी आणून टेबलावर मांडली. आत्या काही बोलणार होती. आईने हात वर केला.

"दहा वर्षं, वन्सं," ती म्हणाली.

आत्याने दोन्ही एसी चालूच ठेवले. मग माझ्याजवळ येऊन तिने तळहात माझ्या कपाळावर ठेवला, ती कपाटाच्या काचेवर ठेवायची तसाच, आणि म्हणाली, अठरा.